घोस्ट सोडून बाकी सगळं 'बालवाडी'? काहीतरीच!

स्टनशॉट:
कालच्या त्या लेखाखालीच उत्तर लिहायला बसलो होतो, लांबत गेलं म्हणून वेगळा धागा. लेख वाचला नसेल तर मुद्दा एवढाच: पूलमध्ये पोझिशन (पुढच्या शॉटसाठी पांढरा बॉल सोयीच्या जागी आणणं) आणि प्लॅनिंग सुधारायचं तर रोज नऊ बॉलचा घोस्ट खेळा, म्हणजे कधीच न चुकणाऱ्या काल्पनिक प्रतिस्पर्ध्याविरुद्ध: एक ते नऊ क्रमाने घातले तर रॅक (एकदा मांडलेला डाव) तुमचा, एक चुकला की त्याचा; एकट्याने खेळायचे बाकी सगळे गेम आणि ड्रिल म्हणजे 'बालवाडी'. हा शब्द त्यांचाच.

अहो, घोस्ट मोजतो, शिकवत नाही. रोज वजनकाट्यावर उभं राहून कोणी बारीक झालंय का? मधल्या पातळीचा खेळाडू ब्रेक करतो (मांडलेले बॉल फोडतो), पांढरा हातात घेऊन हवा तिथे ठेवतो, पाच बॉल घालतो आणि सहावर गचकतो. त्याला वाटतं सहा चुकला. खरं तर चारवरून पाचला तो चुकीच्या बाजूला आला होता, आणि तिथून पांढरा धावतच सुटला. पण पाच पडला ना! त्यामुळे ती चूक कुणाच्या खात्यावर जातच नाही. पुन्हा रॅक, पुन्हा तेच.

मी म्हणतो, तीन बॉल घ्या. टेबलावर कसेही टाका, पांढरा हातात, एक-दोन-तीन क्रमाने. क्यू उचलण्याआधी उलटीकडून विचार करायचा: तीनला जायला दोनवर कुठल्या बाजूचा कोन हवा, आणि तो मिळायला एकवर कुठून सुरुवात करायची. मग अटी लावा. आधी पांढरा एकाही कुशनला, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेला, लागता कामा नये. ते जमलं की एकच कुशन. त्यानंतर कागद: प्रत्येक शॉटआधी पांढरा जिथे यायला हवा तिथे कागद ठेवायचा. बॉल पडला पण पांढरा कागदाबाहेर थांबला तर तो शॉट चुकलेलाच.

यात बालवाडी काय आहे? कुशन बंद केल्यावर कळतं की आपण किती वेळा पांढऱ्याला उगाच टेबलभर फिरवून आणतो. स्टनवर (लागताना पांढरा न लोळता घसरत असेल तर) तो लागलेल्या बॉलच्या वाटेशी नव्वद अंशात निघतो आणि लोळत गेला तर मधल्या जाडीच्या, म्हणजे फार भरून किंवा फार निसटता न लागलेल्या, शॉटला आपल्या मूळ वाटेपासून साधारण तीस अंश वळतो, एवढ्या दोन गोष्टी हातात बसल्या तरी निम्मं प्लॅनिंग झालं.

नऊनंबरी:
लेख माझाच आहे, आणि एका शब्दानेही मागे हटणार नाही.

तीन बॉलवर सगळेच राजे असतात. मॅचमध्ये टेबलावर नऊ असतात, दोन एकमेकांना चिकटलेले, एक कुशनला डकलेला. प्लॅनिंग म्हणजे तो गुंता कधी आणि कुठल्या बॉलवरून फोडायचा ते ठरवणं. तुमच्या रिकाम्या टेबलावर ते कुठून येणार?

मीही ड्रिल केले आहेत. एका प्रशिक्षकाने मला महिनोन्‌महिने एल-ड्रिल लावला होता. बॉल एल आकारात मांडा, क्रमाने घाला, दुसऱ्याला धक्का नको. शेवटी तो झोपेतही जमायचा. मग स्पर्धेत उतरलो आणि पहिल्याच फेरीत घरी. एल आकारात बॉल कुठल्या ब्रेकनंतर बसतात हो? घोस्टकडे वळलो तेव्हा सुधारलो. बाकी तुमचा कागद तुम्हाला लखलाभ.

फोर्टीनपॉइंटवन:
दोघांचंही चुकतंय. प्लॅनिंग शिकायचं तर स्ट्रेट पूल: बॉल कुठल्याही क्रमाने घाला, चौदा पडले की ते पुन्हा मांडायचे, आणि उरलेला एक, म्हणजे ब्रेक बॉल, घालता घालताच नवा रॅक फोडायचा. शेवटचे चार बॉल उरले की डोकं चालवावंच लागतं: ब्रेक बॉल कुठला, त्याच्या आधीचा की बॉल कुठला, आणि की बॉलवरून पांढरा जवळजवळ न हलता ब्रेक बॉलच्या कोनात कसा येईल. चौदा बॉल पुन्हा रॅकमध्ये जातात आणि तुमचं नियोजन तिथेच उघडं पडतं. विली मोस्कोनीने न चुकता सलग घातलेले 526 बॉल असेच झाले, कागद ठेवून नाही.

मिसक्यू:
आलं, मोस्कोनी आलं! 1954 चं प्रदर्शनी टेबल आठ फुटी होतं, हेही सांगा की. नऊ फुटीवर कितीला थांबला असता?

फोर्टीनपॉइंटवन:
हा रडका मुद्दा दरवेळी निघतो. लहान टेबलावर बॉल दाटीत असतात, वाटा बुजतात, हे तुम्हाला ठाऊक नसावं. आणि 526 म्हणजे सलग सदतीस रॅकांच्या वर. एका दमात. लोकांसमोर.

मिसक्यू:
लोकांसमोर, पण कॅमेऱ्यासमोर नाही. 2019 मध्ये जॉन श्मिटने नऊ फुटी टेबलावर 626 केले, 2022 मध्ये जेसन शॉने 714. आकडे बोलतात.

फोर्टीनपॉइंटवन:
श्मिट मुद्दाम विक्रमासाठी टेबल लावून बसला होता. जमेना की पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा पहिल्यापासून. मोस्कोनीची ती प्रदर्शनी मॅच होती, प्रतिस्पर्धी समोर खुर्चीत बसलेला. याला तुम्ही एकच गोष्ट म्हणता? माझ्या वडिलांच्या वयाचे लोक अजून...

मिसक्यू:
वडिलांच्या वयाचे लोक सगळ्याच खेळांबद्दल तेच म्हणतात. पुराव्याला साक्षीदारांच्या सह्यांचा कागद, आणि आम्ही मान डोलवायची.

स्टनशॉट:
मंडळी, धागा सरावाच्या गेमबद्दल होता. विक्रमांचा वेगळा काढा.

फोर्टीनपॉइंटवन:
सरावाबद्दलच बोलतोय! हजार वेळा फसून एकदा जमणं आणि मिळाल्या संधीत जमवणं हे दोन निराळे सराव आहेत. घोस्टवाल्यांनाही हेच लागू. ज्या दिवशी जिंकतात त्या दिवशीचाच व्हिडिओ टाकतात.

नऊनंबरी:
हा टोमणा मला असेल तर नाव घेऊन बोला. मी हरलेले सेटही टाकतो, तुम्ही बघत नसाल.

नंबरकधीयेणार:
तुमचं चालू द्या, पण एक विनंती. गर्दीच्या वेळी ट्रायपॉड, कागद, मार्कर घेऊन एकेक टेबल अडवणाऱ्यांनी बाकी लोकांचाही विचार करावा. परवा एक गृहस्थ तीन बॉल मांडून दोन-दोन मिनिटं नुसते बघत उभे. आम्ही चौघं भिंतीला टेकून. विचारलं तर म्हणे "प्लॅनिंग चाललंय".

स्टनशॉट:
ते मी नव्हे. पण त्यांचं बरोबर होतं.

नंबरकधीयेणार:
वाटलंच होतं.

एकसष्ट:
रोटेशनचं नाव कोणीच कसं काढत नाही? पंधरा बॉल, कायम सगळ्यात लहान नंबरला आधी लागायचं, एकूण 120 गुण, 61 झाले की जिंकलात. एफ्रेन रेयेस ज्या फिलिपिन्समध्ये घडला तिथे हाच खेळ मुरलेला. 1999 मध्ये कार्डिफला त्याने नऊ बॉलचं जागतिक विजेतेपद नेलं, तेव्हा त्याच्या किक शॉटचंच (पांढरा आधी कुशनला मारून बॉल गाठण्याचं) कौतुक झालं. पण पंधरा बॉलच्या गर्दीतून वाट काढायची सवय असलेल्याला नऊ बॉल म्हणजे मोकळं मैदान.

एकट्यासाठी फार्गो खेळून बघा. पंधरा बॉल ब्रेक करा, पांढरा हातात. कुठल्याही क्रमाने घातलेल्या बॉलला एक गुण. वाटेल तेव्हा 'आता रोटेशन' म्हणायचं, तिथून पुढे क्रमानेच, प्रत्येकी दोन गुण. परत फिरणं नाही, चुकला की डाव संपला. असे दहा डाव, कमाल 300. कुठले बॉल आधी उचलून वाट मोकळी करायची आणि नेमकं कधी पलटायचं, इथेच सगळं डोकं. लवकर पलटलात तर दाटीत सापडता, उशीर केलात तर दुप्पट गुणांचे बॉलच उरत नाहीत.

नऊनंबरी:
हे ठीक आहे. यात गुंता आहे, निर्णय आहे, चुकीची किंमत आहे. 'बालवाडी'तून फार्गो वगळतो. कागद मात्र तिथेच.

स्टनशॉट:
मोठी मेहेरबानी. आता एवढं सांगा: घोस्टमध्ये तुमचे रॅक कुठल्या बॉलवर तुटतात? कधी लिहून ठेवलंय?

नऊनंबरी:
बहुतेक सहा-सातला. त्याचं काय?

स्टनशॉट:
मग तो रॅक मोडून नवा कशाला लावता? तुटला तिथले बॉल तसेच मांडा, चूक झाली त्याच्या दोन शॉट आधीपासून, आणि जमेपर्यंत खेळा. घोस्ट तुमचाच, फक्त प्रश्नपत्रिका फेकून न देता परत सोडवायची.

नऊनंबरी:
म्हणजे फिरून तीन बॉलच.

स्टनशॉट:
हो, पण तुमच्या ब्रेकमधून आलेले. आता तरी रिकामं टेबल म्हणू नका.

नऊनंबरी:
बरं. आठवडाभर करून बघतो, नाही जमलं तर याच धाग्यावर येऊन धुतो. कागदाशिवाय.

मिसक्यू:
कागद केवढा धरायचा ते तरी सांगा. आमच्याकडे एक जण वर्तमानपत्राचं अख्खं पान पसरतो आणि म्हणतो पोझिशन सुधारली.

स्टनशॉट:
वहीच्या पानाएवढा. जमायला लागला की घडी घालायची. आणि जवळच्या शॉटला लहान, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पाठवायचं असेल तर मोठा. पांढरा ज्या दिशेने येणार त्या दिशेला पान लांब ठेवा, आडवं नाही. पुढच्या शॉटच्या रेषेवरूनच तो येत असेल तर थोडा कमी-जास्त जोर पडला तरी कोन टिकतो. रेषा कापून जात असेल तर वीतभर चुकलात तरी गेलात.

फोर्टीनपॉइंटवन:
आणि टेबल आठ फुटी असेल तर पान लहान घ्यावं का, हे मिसक्यूंना विचारा. ते आकडे बोलवतील.