वडिलांना लकवा, आईची पॉलिसी: कोणत्या कलमात किती वजावट?

मानेवाडाकर: वडील ७६ वर्षांचे, लकव्यामुळे अंथरुणावर. त्यांच्या नावे विमा नाही, पेन्शनही नाही. आई ७१, तिच्या आरोग्य विमा पॉलिसीचा दोन वर्षांचा प्रीमियम, ७२,००० रुपये, ऑक्टोबर २०२५ मध्ये एकदम भरला. नर्सिंग ब्युरोकडून त्यांना सांभाळायला चोवीस तासांचा माणूस आहे, महिना १८,०००. माझा पगार वर्षाला १५ लाख, ८०सी (बचतीवरची वजावट) पूर्ण, स्वतःच्या आरोग्य पॉलिसीचे २५,०००. २०२५-२६ च्या रिटर्नमध्ये काय काय धरता येईल?

बर्डीचा_हिशेबनीस: ७२,००० एकदम धरता येत नाहीत जी. प्रीमियम जितक्या आर्थिक वर्षांना पॉलिसी शिवते तितक्यांत विभागायचा. दोन वर्षांची असली तरी ऑक्टोबरात सुरू झालेली पॉलिसी तीन आर्थिक वर्षांत पडते, म्हणून यंदा ३६,००० नाही, २४,०००. इथेच बहुतेकांचं चुकतं.

आईवडील ज्येष्ठ असल्याने ८०डी ची (आरोग्य विमा आणि उपचारखर्चाची वजावट) मर्यादा ५०,०००, पण ती दोघांची मिळून. उरलेल्या २६,००० मध्ये वडिलांची औषधं, डॉक्टरांची फी बसवा. त्यांचा विमा नाही म्हणूनच हे चालतं. पैसे यूपीआय, कार्ड किंवा चेकने दिलेले हवेत. रोख चालते ती फक्त प्रतिबंधात्मक तपासणीला, ५,००० पर्यंत, तीही याच मर्यादेच्या आत. ब्युरोचे पैसे मात्र इथे घालू नका, त्यावर वाद होतो.

धंतोली_२२: ब्युरोच्या माणसासाठी ८०डीडी बघा, म्हणजे आपल्यावर अवलंबून असलेल्या अपंग नातेवाइकासाठीची वजावट. त्या कलमात शुश्रूषेचा खर्च स्पष्ट लिहिलेला आहे. अपंगत्व ४० टक्के असेल तर ७५,०००, ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,०००. रक्कम ठरीव आहे, प्रत्यक्ष खर्च किती झाला ते बघत नाहीत.

अपंगत्वाच्या प्रमाणपत्राशिवाय काही नाही. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करा, नागपूरच्या सरकारी रुग्णालयांपैकी मेडिकल किंवा मेयो निवडा. प्रमाणपत्र तात्पुरतं मिळालं तर त्यावरची मुदत डायरीत लिहून ठेवा. ते संपलं की पुढच्या वर्षापासून वजावट बंद.

वडील तुमच्यावरच अवलंबून असले पाहिजेत. त्यांना चांगली पेन्शन असती तर ८०डीडी तुम्हाला नाही, ८०यू (स्वतःच्या अपंगत्वाची वजावट) त्यांना, त्यांच्याच रिटर्नमध्ये. आणि ८०डीडीबी च्या (ठरावीक गंभीर आजारांच्या उपचारखर्चाची वजावट) यादीत लकवा नाही बरं का! वाचा गेली असेल तर वाचाघात आहे, तोही ४० टक्क्यांवर आणि न्यूरॉलॉजिस्टने लिहून दिला तरच.

संत्रा_आणि_सरचार्ज: भाऊ, सगळं बरोबर, पण आधी हे बघा. या वजावटी फक्त जुन्या करपद्धतीत आहेत. अपंगत्व ८० टक्के धरून जुन्या पद्धतीत १५ लाखांतून पगारदारांची ५०,००० ची प्रमाणित वजावट, दीड लाख ८०सी, तुमचे २५,०००, आईवडिलांचे ५०,००० आणि १,२५,००० गेले की उरतात ११ लाख. कर सेससह १,४८,२००. नव्या पद्धतीत फक्त ७५,००० वजा करून ९७,५००. म्हणजे एवढी कागदपत्रं जमवून ५०,७०० जास्त भरायचे.

मानेवाडाकर: बापा! घरभाडं नाही, गृहकर्जही नाही. ते असतं तर?

संत्रा_आणि_सरचार्ज: राहत्या घरावर दोन लाखांचं व्याज असतं तर ९६,२००. म्हणजे १,३०० रुपये वाचले असते. तुमच्यासाठी नवीच. अन् पुढे कधी जुनी घ्यायची झाली तर रिटर्न मुदतीतच भरा, उशिरा भरलेल्यात ती निवडता येत नाही.