फोर बाय फाइव्ह निगेटिव्ह: कोणत्या डेव्हलपरमध्ये धुवावी?

घाटवाटा (पुणे):
मंडळी, जुना फोर बाय फाइव्ह फील्ड कॅमेरा घेतलाय, म्हणजे ४×५ इंचांच्या सुट्या शीटवर फोटो घेणारा. फिल्म इलफर्डची कृष्णधवल एफपी-४ प्लस, आयएसओ १२५. आजवर ३५ एमएमचे रोल घरीच डी-७६ या डेव्हलपरमध्ये (फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या रसायनात) धुतले. शीटला तेच वापरू, की एचसी-११०, रोडिनल, पायरोकॅट यांपैकी काही आणू? बाथरूम हीच डार्करूम, नळाचं पाणी सध्या ३० अंश. महिन्याला जेमतेम आठ-दहा शीट होतात. एन्लार्जर (निगेटिव्हवरून मोठा प्रिंट काढायचं यंत्र) नाही, स्कॅन करतो. सायनोटाइपचे, म्हणजे निळ्या छपाईचे, कॉन्टॅक्ट प्रिंटही (निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून) काढायचेत.

नाना_लालदिवा:
आठ-दहा शीट म्हणालात, तिथेच निम्मं उत्तर आलं. डी-७६ उत्तमच आहे, १९२७ पासून चालतंय ते काही उगाच नाही. पण कालवलेलं द्रावण काठोकाठ भरलेल्या बाटलीत सहा महिने टिकतं, अर्ध्या बाटलीत दोनच. मी आळशीपणाने अशीच अर्धी बाटली वापरली आणि कोकणकड्याच्या चार शीट काचेसारख्या कोऱ्या निघाल्या. चूक माझीच, पण कडा पुन्हा चढावा लागला.

तुम्ही रोडिनल घ्या. पेटंट १८९१ चं. उघडलेली बाटली काकवीसारखी काळी झाली तरी वर्षानुवर्षं काम देते. ३५ एमएममध्ये त्याने फोटोत दाणे (ग्रेन) रव्यासारखे दिसतात म्हणून लोक नाकं मुरडतात. तुमची निगेटिव्ह त्या फ्रेमच्या सुमारे तेरापट मोठी, दाणे शोधावे लागतील! सावल्यांत मात्र थोडा हात आखडतो, म्हणून आयएसओ १२५ ऐवजी ६४ धरून एक्स्पोज करा, म्हणजे प्रकाश जास्त द्या.

१:५० ला (एक भाग रोडिनल, पन्नास भाग पाणी) २० अंशांवर १५ मिनिटांच्या आसपास, २४ वर साडेदहा. १:२५ ला मुळातच नऊ मिनिटं, गरम पाण्यात ती सहावर येतात आणि आकाशात डाग पडायची भीती. एचसी-११० चा जुना पाक असाच टिकायचा, हल्लीच्या पातळ बाटलीवर माझा तेवढा भरवसा नाही.

निळीशाई:
नाना, स्कॅनपुरतं पटलं. पण सायनोटाइप अतिनील प्रकाशावर उमटतो, आणि पायरोकॅट-एचडीची खरी मजा तिथेच आहे. सँडी किंग यांचा फॉर्म्युला. चांदीबरोबर निगेटिव्हवर तपकिरी डाग चढतो, तो अतिनील अडवतो. डोळ्यांना फिकी वाटलेली निगेटिव्ह प्रिंटला भरदार निघते. 'अ' एक भाग, 'ब' एक भाग, पाणी १०० भाग, एकदा वापरायचं आणि ओतून द्यायचं.

घाटवाटा, यातलं कॅटेकॉल विषारी आहे हं. नायट्राइलचे हातमोजे हवेतच, पावडर मोजताना मास्क, आणि स्वयंपाकघरातला काटा अजिबात नको. पहिल्या वर्षी रोडिनलच बरं. सायनोटाइपसाठी ठेवलेल्या शीटला डेव्हलपरमधला वेळ तीसेक टक्के वाढवा, कॉन्ट्रास्ट बऱ्यापैकी मिळेल.

वागीश्वरी_प्रेमी:
घरी कालवायच्या डी-२३ डेव्हलपरचं नावच कुणी काढलं नाही! मेटॉल साडेसात ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, पाणी एक लिटरपर्यंत. झालं. चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल, ते पूर्ण विरघळलं की उरलेलं सल्फाइट. क्रम चुकला तर मेटॉल विरघळता विरघळत नाही. मी मुंबईच्या प्रिन्सेस स्ट्रीटवरून रसायनं आणतो. माझ्या अलेप्पीत बनलेल्या जुन्या वागीश्वरी कॅमेऱ्यात हिरव्या प्रकाशाला संवेदनशील एक्स-रे फिल्म कापून घालतो. तिचा भडक कॉन्ट्रास्ट डी-२३ जरा ताळ्यावर आणतं, आणि लाल दिव्यात बघत बघत धुता येते. दोन्ही बाजूंना इमल्शन (चित्र उमटणारा नाजूक थर) असतं, म्हणून ट्रेच्या तळाशी काच ठेवा, नाहीतर ओरखडे ठरलेले.

घाटवाटा:
रोडिनल मागवतो. दोन प्रश्न. चार शीटना किती घालू? आणि पाणी थंड कसं करू, बर्फ टाकला तर?

नाना_लालदिवा:
बर्फ द्रावणात नको, प्रमाण बिघडेल. आरओचं पाणी आदल्या रात्री फ्रीजमध्ये ठेवा आणि साध्यात मिसळून २४ अंशांवर आणा. टाकी टबात ठेवून शेजारी बर्फाची बाटली सोडा. स्टॉप (डेव्हलपरचं काम थांबवणारं), फिक्सर (चित्र कायम करणारं) आणि शेवटी धुण्याचं पाणीही त्याच्या आसपासच असू द्या.

चार शीटचं क्षेत्रफळ एका ३६ च्या रोलएवढं. त्यांना पाच मिलीच्या खाली जाऊ नका, मी दहा घालतो. म्हणजे १:५० ला अर्धा लिटर होतं.

आणि कुणी १:१०० करून तासभर न हलवता ठेवायला सांगेल. उभ्या शीटवर त्याचे ओघळ उतरतात. निदान आकाश असलेल्या शीटवर तरी तो प्रयोग नको.