मदत हवी आहे: द्राक्षबागेतली औषधं आणि वहिनीचा तिसरा महिना

नमस्कार मंडळी. निफाडजवळ आमची द्राक्षबाग आहे. वहिनीला तिसरा महिना चालू आहे आणि नेमकी ऑक्टोबर छाटणी आलीये. छाटणीनंतर नवी फूट यावी म्हणून काड्यांना पेस्ट लावतात ती हायड्रोजन सायनामाइड या रसायनाची. युरोपात त्याला 2008 पासून परवानगी नाही, गर्भाला अपायाचा संशय असलेल्या रसायनांत त्याची गणना होते. त्या कामाला वहिनीला पाठवत नाही. पण दादाचे फवारणीचे कपडे तीच धुते, तेही घरच्यांच्या कपड्यांसोबत एकाच बादलीत! बागेत डबाही तीच नेते.

न्यूयॉर्कमधल्या गरोदर बायकांच्या अभ्यासात, नाळेच्या रक्तात क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक जास्त सापडलं तिथे बाळांचं जन्मवजन कमी भरलं होतं. हे वाचल्यापासून माझं डोकं भणभणतंय. आई म्हणते, "आम्ही नाही का राबलो बागेत? झालातच ना तुम्ही!" आता तिला काय सांगणार.

कुणी डॉक्टर किंवा कृषी खात्यातले असाल तर सांगा: फवारणीनंतर किती दिवस तिने बागेत जाऊ नये? कोलिनेस्टरेजची रक्ततपासणी (काही कीटकनाशकांचा शरीरावर परिणाम झालाय का ते दाखवणारी) करून काही उपयोग होतो का? बाळाची वाढ पाहायला नेहमीच्या सोनोग्राफी पुरतील, की जास्तीची लागेल? कपडे उद्यापासून दादाच धुणार, ते ठरलंय.