फॅड नाही, पण जुनंही नाही राहिलं

जुने कपडे रॅम्पवर आणणं हे गेल्या चार-पाच वर्षांतलं फॅड आहे, असं काही जण म्हणतात. तसं नाही हो. बेल्जियमचा फॅशन डिझायनर मार्टिन मार्जेला याने १९८८ मध्ये पॅरिसला पहिला शो केला, तेव्हाचीच गोष्ट घ्या. मॉडेल्सच्या पायात जपानी ताबी मोज्यांसारखे, अंगठा वेगळा असलेले बूट. तळव्यांना लाल रंग फासलेला आणि खाली पांढरं सुती कापड. चालतील तसे ठसे उमटत गेले. पुढच्या हंगामात याने तेच ठसेवालं कापड कापून जाकिटं शिवली!

मला त्याहून आवडतो तो त्याचा मोज्यांचा स्वेटर. लष्कराचे लोकरी मोजे उसवून जोडायचे, आणि टाचेचा जो फुगीर भाग असतो तो बरोबर कोपरावर आणि छातीवर आणायचा. म्हणजे फिटिंग आयतं मिळालं. आमच्या आजीने गोधडीत लुगड्याचा काठ कडेला घेताना असंच डोकं चालवलं असतं. (तिला पॅरिसचं कुणी बोलावणं धाडलं नाही, ते सोडा.)

बाकी रेड कार्पेटचं 'व्हिंटेज', म्हणजे जुना डिझायनर कपडा पुन्हा मिरवणं, मला वेगळं वाटतं. ज्युलिया रॉबर्ट्सने २००१ च्या ऑस्करला इटालियन डिझायनर व्हॅलेंटिनोचा १९९२ चा काळा-पांढरा गाऊन घातला, सुंदरच दिसला. पण तो जपून ठेवलेला कपडा. मोज्यांचा स्वेटर करणं म्हणजे टाकाऊत कपडा दिसणं. दोन्हींना एकच 'सस्टेनेबल' (पर्यावरणाला जपणारं) लेबल कशाला?