चकवा लावणारं खरंच कोणी असतं का?

तापीकाठ (रावेर):
केळीला रात्रीची थ्री फेज लाईट असली की कोणी ना कोणी सांगतोच, "मोटार चालू करून निघालो अन् फिरून फिरून त्याच विहिरीवर आलो. चकवा लागला." तो फिरला, हे मला मान्य. पण त्याला कोणी फिरवलं, हे कशावरून? जर्मनीत काम करणाऱ्या यान सौमन या संशोधकाने लोकांना जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ चालायला सांगितलं, सोबत जीपीएस देऊन. 2009 मध्ये निष्कर्ष छापून आले. सूर्य दिसत होता तोवर चाल सरळ. आभाळ आलं की माणसं गोल फिरून स्वतःचीच वाट ओलांडायची आणि त्यांना पत्ताही नसायचा. डोळे बांधल्यावर तर काही जण 20 मीटरपेक्षा कमी व्यासाच्या गोलातच फिरले. केळीच्या बागेत वर पानांचं छत, चहूकडे सारखीच खोडं, बॅटरीचा उजेड चार पावलांपुरता. यात भूत कशाला हवं?

नाना (यावल):
भाऊ, ती माणसं परक्या जंगलात होती. माझे वडील त्याच शेतात लहानाचे मोठे झाले. अमावास्येला पहाटेपर्यंत त्यांना बांध सापडला नाही. बसून विडी पेटवली, तेव्हा कुठे वाट दिसली. हे कशात बसवणार? मोजता आलं नाही म्हणजे नाहीच, हाही हट्टच झाला.

सातपुडा (धडगाव):
नाना, आमच्याकडे ही गोष्ट विडीपाशी थांबत नाही. घरात लागोपाठ दोघं आजारी पडले की एखाद्या एकट्या बाईला डाकीण ठरवतात. पुरावा कोणी मागत नाही. भूत उतरवायच्या नावाखाली साखळीने बांधणं, मिरचीची धुरी देणं हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, 7 वर्षांपर्यंत कैद. तरी बाई तक्रार द्यायला घाबरते, कारण राहायचं त्याच गावात.

नाना (यावल):
ताई, बाईला छळणाऱ्याला आत टाका, मी साक्षीला येतो. पण चकवा आणि डाकीण एका तागडीत घालू नका. वडिलांनी कोणाचं वाईट केलं नाही.

तापीकाठ (रावेर):
नाना, वडील खोटं बोलले असं मी म्हणतच नाही. सहारातही एक जण चंद्र होता तोवर सरळ चालला, चंद्र ढगाआड गेल्यावर उलटा फिरला. अमावास्येला तर चंद्रच नसतो. विडी पेटवायला बसले तेव्हा पाय थांबले आणि नजर नव्याने फिरली, असं मला वाटतं. आता मोबाईलमध्ये चाललेल्या वाटेची नोंद राहते. चांदण्यात आणि अमावास्येला, दोन्ही रात्री ती चालू ठेवून बागेतून चाला. चांदण्यातही वाट गोलच निघाली तर मी माझं म्हणणं मागे घेईन.