आपल्याच कॅप्टनची हुर्यो उडवणारा ‘कट्टर फॅन’ कसा?

शिवाजीपार्ककर
परवा ट्रेनमध्ये ओळखीचा एक जण छाती फुगवून सांगत होता, ‘मीपण होतो वानखेडेवर, घसा बसेपर्यंत बू केलं हार्दिकला.’ १ एप्रिल २०२४ ची, आयपीएलमधली मुंबई इंडियन्सची राजस्थानविरुद्धची मॅच. रोहित शर्माला काढून हार्दिक पंड्याला आपला कॅप्टन केलेलं. टॉसला कॉमेंटेटर मांजरेकर माइकवरून ‘बिहेव’ म्हणाला तरी पब्लिक ऐकेना. शेवटी बाउंड्रीवर फील्डिंग करणाऱ्या रोहितनेच हाताने ‘बास करा’ अशी खूण केली. ज्याच्यासाठी हा सगळा तमाशा, तोच नको म्हणतोय! अंगात निळी जर्सी, तोंडात मुंबईच्या फॅन्सचं ‘पलटण’ आणि कॅप्टनला शिव्या. ती मॅच आपण ६ विकेटनी हरलो आणि सीझनमध्ये दहावे, म्हणजे शेवटचे आलो. राग असेल तर घरी काढा, पण टीम मैदानात असताना तिच्याच कॅप्टनचे पाय ओढायचे आणि वर स्वतःला कट्टर म्हणवायचं, हे मला पटत नाही.

पाच_ट्रॉफ्या
निष्ठा कोणाशी ते आधी ठरवा. २०१३, १५, १७, १९, २०. पाचही वेळा आयपीएल जिंकलो तेव्हा कॅप्टन रोहित. डिसेंबर २०२३ मध्ये अचानक जाहीर होतं की आता कॅप्टन हार्दिक. आम्हाला कोणी विचारलं? विचारणारही नाहीत, टीम मालकांची आहे, मान्य. मग आमच्या हातात राहतं काय? गळा. घरी बसून फेसबुकवर चार ओळी खरडल्या तर कुत्रं विचारत नाही. वानखेडेवर ओरडलो ते अख्ख्या देशाने ऐकलं. टाळ्या चालतात ना आमच्या? मग हुर्योही चालवून घ्या. हार्दिकशी वैर नव्हतंच, तो आवाज वर काचेआड बसलेल्यांसाठी होता.

फाइनलेग
मग वर बघून ओरडायचं. टॉसला खाली तो एकटा उभा होता.

गिरगावचा_म्हातारा
तुम्हा पोरांना वाटतं हे आत्ता सुरू झालं. मार्च २००६, इंग्लंडची टेस्ट, हेच वानखेडे. सचिन १ रन काढून अँडरसनला विकेट देऊन परत निघाला आणि काही लोकांनी त्याची हुर्यो उडवली. सचिनची, आणि तीही मुंबईत! माझ्या शेजारच्या गृहस्थांनी सचिन खेळतोय म्हणून मांडीवरचा डबा उघडला नव्हता. ‘जा आता घरी झोपायला’ असं त्याच्यावर खेकसून त्यांनी थालीपिठाचा पहिला तुकडा मोडला. असेच लोक नोव्हेंबर २०१३ मध्ये, दोनशेव्या टेस्टला तो ७४ करून परतला तेव्हा, डोळे पुसत उभे होते.

आपलं पब्लिक खडूसच. इथे पन्नास करून आलेल्याला ‘शंभर कुठेत?’ विचारतात, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. उलट जो प्रेक्षक आपल्या माणसालाही सोडत नाही त्यालाच खेळ कळतो असं मी मानतो. तेव्हा पाच_ट्रॉफ्या, माझं निम्मं मत तुम्हाला. निम्मंच अशासाठी की सचिनवरचा राग खेळावरून होता. हार्दिकचा तर मुंबई इंडियन्सचा कॅप्टन म्हणून वानखेडेवरचा तो पहिलाच सामना. हिशोब मागायला आधी काही घडावं तरी लागतं ना?

विरार_फास्ट
तिकिटाचे दर बघता बू करून पैसे वसूल केले असतील बिचाऱ्यांनी.

गोरेगावची
सगळे आयपीएलवरच भांडताय. त्याच्या १८ दिवस आधी, १४ मार्चला, याच ग्राउंडवर मुंबईने विदर्भाला १६९ रननी हरवून ४२वी रणजी ट्रॉफी घेतली. विदर्भाने पाचव्या दिवसापर्यंत झुंजवलं होतं. शेवटी कॅप्टन रहाणेने धवल कुलकर्णीच्या हातात बॉल दिला. धवलची ती शेवटची मॅच. त्याने उमेश यादवचा त्रिफळा उडवला आणि संपलं. मी बसले होते तिथे समोरच्या खुर्चीवर खुशाल पाय टाकता येत होते. दोन रांगा पुढे एक काका शाळेच्या वहीत पेन्सिलीने स्कोअर लिहीत होते, रन नसलेल्या बॉललासुद्धा न चुकता ठिपका. अंगात साधा बुशशर्ट. त्यांना कोणी ‘पलटण’ म्हणणार नाही. पाच_ट्रॉफ्या, तुम्ही होतात का त्या दिवशी?

पाच_ट्रॉफ्या
नव्हतो, ताई. गुरुवार होता, पोटापाण्याचं बघावं लागतं. आयपीएल संध्याकाळी असते म्हणून जमतं. ज्यांना दिवसाढवळ्या सुट्टी काढून मॅच बघता येते त्यांनीच आता निष्ठेचे दाखले वाटायचे का?

गोरेगावची
मीही हाफ डे टाकूनच आले होते.

शिवाजीपार्ककर
बरं, ते सोडा. २९ जूनला बार्बाडोसमध्ये टी-२० वर्ल्ड कपची फायनल, शेवटच्या ओव्हरला दक्षिण आफ्रिकेला १६ हवे होते, बॉल हार्दिककडे. पहिल्याच बॉलला मिलर आउट, सूर्याचा तो कॅच. ७ रननी वर्ल्ड कप. आणि ४ जुलैला त्याच वानखेडेवर ‘हार्दिक, हार्दिक’! तीन महिने झाले होते फक्त. याला काय म्हणायचं?

पाच_ट्रॉफ्या
क्रिकेट म्हणायचं. मीही त्या दिवशी त्याच्या नावाने ओरडलो. शिव्या दिल्या म्हणजे काय जन्मभराचा करार केला होता?

चर्चगेटची
४ जुलैचा, म्हणजे वर्ल्ड कपच्या विजययात्रेचा विषय निघाला म्हणून लिहिते. माझं ऑफिस नरिमन पॉइंटला. खाली उतरले आणि अडकलेच. माझ्यापुढच्या मुलीच्या एका पायात सँडल होती, दुसरी गर्दीत गेलेली, आणि ती तशीच मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर चढू बघत होती. टीमची बस अजून आलीही नव्हती. पाऊस, मागून रेटा, पुढे समुद्र. गर्दी ओसरल्यावर रस्त्यावर चपलांचा खच पडला होता. पुढच्या वर्षी ४ जूनला बेंगळुरूत चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर विजयोत्सवाच्या चेंगराचेंगरीत ११ माणसं गेली. हुर्यो उडवून कोणाचा जीव जात नाही. मला बू करणाऱ्यापेक्षा बसमागे धावणाऱ्या निस्सीम चाहत्याची जास्त भीती वाटते. आणि त्यालाच आपण ‘काय प्रेम आहे बघा’ म्हणून व्हिडिओ फॉरवर्ड करतो.

फाइनलेग
नियोजन फसलं त्याचं खापर चाहत्यांवर का? लोक आनंदात आले होते.

चर्चगेटची
फसलंच, त्यात वाद नाही. पण पुढे माणसं चेंगरतायत हे दिसत असताना मागून ‘चलो, चलो’ करणाऱ्यांना नियोजनवाल्यांनी नव्हतं पाठवलं.

शिवाजीपार्ककर
विषय फारच लांब गेला. माझा प्रश्न एवढाच होता: आपल्या कॅप्टनची भर मैदानात हुर्यो, हो की नाही?

पाच_ट्रॉफ्या
टॉसला हो. बॉलर रनअपला वळला की नाही.