अंधारात नेम: ठिपका टार्गेटवर हवा की काचेत?

मावळतीचा_नेम:
परवा दिवे मंद करून पिस्तुलाचा सराव चालू होता. शेजारच्या लेनमध्ये एक नवीन मुलगा, नळीखाली हिरवा लेझर लावलेला, टार्गेट १० मीटरवर. त्याचा ठिपका कागदावर डासासारखा भिरभिरत होता, आणि मधल्या वर्तुळात शिरला रे शिरला की हा पठ्ठ्या खाडकन चाप ओढायचा. कागद जवळ आणला तर निम्म्याहून जास्त भोकं खाली डावीकडे. उजव्या हाताने चाप हिसकला की गोळी हमखास तिथेच जाते. लेझर बंद करून बघ म्हटलं तर म्हणाला, "मग अंधारात दिसणार काय?"

त्यावरून हा धागा. माझं मत असं की कमी उजेडात लेझर ही कुबडी आहे, आणि खरं काम रेड डॉटचं, म्हणजे बंदुकीवरच्या छोट्या काचेत ठिपका दाखवणाऱ्या साईटचं (नेम धरायच्या साधनाचं). त्यात एका बारीक एलईडीचा उजेड वक्र काचेवरून परतून समांतर किरणांनी डोळ्यात येतो, म्हणून ठिपका टार्गेटइतकाच लांब असल्यासारखा दिसतो. पुढची साईट, मागची साईट आणि टार्गेट ही तीन गोष्टी जुळवायची कसरत संपते. दोन्ही डोळे उघडे राहतात. टार्गेटवर काहीच पडत नाही. उलट धूर, धुकं किंवा धूळ असली की लेझर नळीपासून टार्गेटपर्यंत दोरी बांधल्यासारखा दिसतो, आणि त्या दोरीचं एक टोक तुमच्या हातात असतं!

चष्मा_विसरलो:
साफ असहमत. हात आधीही हलतच होता की, लेझरने फक्त चुगली केली. मी तर नवीन माणसाला मुद्दाम लेझर देतो. पिस्तूल रिकामं करायचं, दोनदा तपासायचं, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवायच्या, आणि पलीकडे कोणी नाही अशा भक्कम भिंतीवर ठिपका धरून हळूच चाप दाबायचा. 'टक्' होताना ठिपका कुठल्या बाजूला उडी मारतो ते त्याचं त्यालाच दिसतं. तासभर समजावून जे होत नाही ते पाच मिनिटांत होतं.

आणि डॉट डोळ्यासमोर यावा लागतो ना? ढालीमागे असाल, गॅसचा मुखवटा घातला असेल, धडपडून आडवे झाला असाल आणि एकच हात मोकळा असेल, तर काचेत डोकावणार कसे? लेझरला डोकं कुठे आहे याच्याशी काही देणंघेणं नाही.

शिवाय माझं वैयक्तिक दुखणं. डोळ्यात सिलिंडरचा नंबर आहे (ॲस्टिग्मॅटिझम). तुमचा तो सुबक गोल ठिपका मला स्वल्पविरामासारखा दिसतो. अंधारात बाहुली मोठी झाली की त्या स्वल्पविरामाला शेपूटही फुटते.

काडेपेटी:
आणि बॅटरी संपली की? दोघंही बसा टाळ्या वाजवत. माझ्या साध्या साईटमध्ये ट्रिटियमच्या (आपोआप चमकत राहणाऱ्या किरणोत्सारी वायूच्या) कुप्या आहेत, ना बटण ना सेल.

मावळतीचा_नेम:
@काडेपेटी, ट्रिटियमचं अर्धायुष्य १२.३ वर्षं. तुमच्या कुप्या किती जुन्या आहेत ते आधी बघा. आणि त्यांनी फक्त साईट दिसते, टार्गेट नाही. सेलचं म्हणाल तर चांगले डॉट मधल्या उजेडावर अखंड चालू ठेवले तरी काही वर्षं चालतात. लेझर तासांच्या हिशेबात संपतो.

@चष्मा_विसरलो, शेपटीवर एक सोपी चाचणी आहे. मोबाइलचा कॅमेरा काचेमागे धरा, डॉटची चमक कमी करा आणि फोटो काढा. फोटोत ठिपका गोल आला तर साईट निर्दोष आहे, दोष डोळ्याचा. मग चष्म्यातला नंबर नव्याने तपासून घ्या. प्रोग्रेसिव्ह काचा असतील तर मान किती कलते तेही बघा, खालच्या वाचायच्या भागातून पाहिलं की सगळंच धूसर दिसतं.

मोजून_मापून:
दोन्ही बाजू भूमिती सोयीस्कर विसरताहेत. समजा लेझर नळीच्या ५ सेंमी खाली आहे आणि १० मीटरवर गोळीशी जुळवलाय. मग २० मीटरवर ठिपका गोळीच्या ५ सेंमी वर असतो, ३० मीटरवर १० सेंमी वर. (एवढ्या अंतरात गोळीचं खाली येणं धरलेलं नाही.) उलट लेझर नळीला समांतर लावला तर फरक कुठेही ५ सेंमीच राहतो, लक्षात ठेवायला सोपा. बहुतेक जण हे ठरवतच नाहीत. स्क्रू फिरवतात, एका अंतरावर जुळलं की खूश.

पण मावळतीचा_नेम, हाच हिशेब तुमच्या डॉटलाही लागू आहे. रायफलवर डॉट नळीच्या ६-७ सेंमी वर बसतो, म्हणून अगदी जवळून गोळी ठिपक्याच्या खाली लागते. पिस्तुलावर हे अंतर कमी, एवढंच. तेव्हा "लेझर वाकडा, डॉट सरळ" असं काही नसतं.

आता रंग. उजेडात डोळा ५५५ नॅनोमीटरला सर्वात तिखट असतो. ५२० चा हिरवा लेझर त्याच शक्तीच्या ६५० च्या लालपेक्षा सहापटीहून जास्त उजळ वाटतो. ६३५ चा लालही ६५० पेक्षा साधारण दुप्पट उजळ. म्हणून दिवसा हिरवा घ्यावा हे बरोबर. पण धागा अंधाराचा आहे! अंधारात ६३५ चा लाल पुरतो. अंधाराला सरावलेल्या डोळ्यातल्या दंडपेशी ५०७ च्या आसपास सर्वाधिक संवेदनशील असतात आणि लाल त्यांना जवळजवळ दिसतच नाही. हिरव्या ठिपक्याकडे रोखून पाहिलं की वीस-तीस मिनिटं कमावलेली रात्रीची नजर पाण्यात. जुने ५३२ चे हिरवे तर थंडीत रुसतात, कारण त्यांत ८०८ च्या डायोडने स्फटिक चेतवून १०६४ चा प्रकाश काढायचा आणि मग त्याची तरंगलांबी निम्मी करायची असा द्राविडी प्राणायाम असतो. ५२० चा थेट डायोड त्या मानाने गुणी.

रातपाळी:
तुम्ही सगळे नुसत्या डोळ्याचं बोलताय. डोक्यावर नाइट व्हिजन असेल तर चित्रच बदलतं. दुर्बिणीची नळी डोळ्यापुढे लटकत असते, गाल दस्त्याला टेकवून साईटमागे नीट जाता येत नाही. म्हणून इन्फ्रारेड लेझर. नुसत्या डोळ्याला काही दिसत नाही, नाइट व्हिजनमध्ये लखलखीत. रायफल खांद्याला धरायची, ठिपका ठेवायचा, झालं. कुबडी म्हणा हवं तर, मी तिच्यावर बरीच वर्षं चाललोय.

मावळतीचा_नेम:
समोरच्याकडेही नाइट व्हिजन असेल तर? ही अडचण जुनीच आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी जर्मनांनी श्टुर्मगेव्हेअर रायफलवर 'व्हॅम्पिर' हे इन्फ्रारेड यंत्र बसवलं, १९४५ साली ओकिनावात अमेरिकन सैनिकांनी इन्फ्रारेड दुर्बिणीची कार्बाइन (आखूड रायफल) वापरली. दोन्हींत अदृश्य दिवा पेटवून बघायचं. ज्याच्याकडे तसंच यंत्र आहे त्याला तुमचा दिवा कंदिलासारखा दिसणार. लेझरचंही तेच. म्हणून तर हल्ली डॉट उंच स्टँडवर लावून नाइट व्हिजनमधूनच त्यात बघायची पद्धत वाढलीय.

रातपाळी:
मान्य, ज्याच्याकडे यंत्र आहे त्याच्यासमोर मीही लेझर सतत चालू ठेवणार नाही. बोट बटणावर, टपकन दाबायचं आणि सोडायचं. पण उंच स्टँडवरच्या डॉटमधून बघत चालता चालता नेम धरून दाखवा, मग बोलू. डॉटची चमक नाइट व्हिजनच्या पायरीवर आणली नसेल तर आख्खी काच पेटल्यासारखी दिसते. हा अनुभव एकदा घ्याच.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगतो. दृश्य लेझर डोळ्यात गेला की पापणी पाव सेकंदात मिटते. १ मिलिवॉटच्या आतल्या क्लास २ लेझरची सगळी सुरक्षितता त्या पापणीवर उभी आहे. इन्फ्रारेडला पापणी मिटतच नाही, कारण काही जाणवतच नाही. सैन्यातल्या उपकरणांची जास्त शक्तीची पायरी क्लास ३बी मध्ये, म्हणजे डोळ्याला थेट धोका असलेल्या गटात, येते. सरावात ती कुलूपबंद ठेवायची असते. एकाने "बघू चालतंय का" म्हणून खोलीतल्या आरशावर मारलेला मी पाहिलाय. आम्ही त्याच्यावर जे ओरडलो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आधी_बघा:
एवढी काथ्याकूट, आणि समोर कोण आहे हे कोणी विचारलंच नाही. लेझर नेम सांगतो, ओळख सांगत नाही. डॉटही नाही. थर्मल कॅमेरा लावलात तर ८ ते १४ मायक्रॉनमधली उष्णता दिसेल, माणूस आहे हे कळेल, पण चेहरा आणि हातात काय आहे ते धड कळणार नाही. खिडकीच्या काचेपलीकडचं तर नाहीच. माझ्या यादीत पहिला नंबर पांढऱ्या टॉर्चचा, तोही बंदुकीवरचा नव्हे, हातातला. म्हणजे बघण्यासाठी बंदूक रोखावी लागत नाही. बाकीचं नंतर.

चष्मा_विसरलो:
@आधी_बघा, हे मात्र सोळा आणे. यावर वाद नाही.

@मोजून_मापून, समांतरवाला हिशेब पटला. आज माझा लेझर १० मीटरवरून सोडवून समांतर केला. २५ मीटरवरचा माझा "नेहमीचा खालचा ग्रुप" (भोकांचा पुंजका) हाताचा दोष समजत होतो, तो बराचसा स्क्रूचा निघाला. चाप हिसकतोस म्हणून तीन महिने स्वतःला शिव्या घातल्या राव!

@मावळतीचा_नेम, फोटो काढला. ठिपका गोल आहे, अगदी टाचणीच्या टोकासारखा. म्हणजे डोळाच. तपासणीची वेळ घेतलीय. डॉट ठेवतोय, पण लेझरही काढत नाही. आणि त्या पोराला सांगा, लेझर बंद करू नकोस, ठिपक्याच्या मागे धावणं बंद कर.

मावळतीचा_नेम:
सांगितलं. त्याने उत्तरादाखल हेडफोन चढवले.